आयर्लंडच्या खेड्यात जुन्या काळी कपडे कोण शिवायचं, आणि नाटकासाठी ते कसे करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे की १९२० च्या आसपासचं पश्चिम आयर्लंडमधलं कोळ्यांचं खेडं एकांकिकेत दाखवायचंय, तिथं कपडे घरी शिवायचे की गावात शिंपी असायचा, आणि सगळ्या पुरुषांना ते पांढरे वेण्यावेण्यांचे आरन स्वेटर घातले तर चालतील का. शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो, नाही चालणार. का नाही ते पुढं येईलच. बाकीचं जरा सावकाश लिहितो कारण यावर मराठीत फारसं कुठं सापडत नाही.

मी मूळचा जेन्ट्स टेलर, पुढं नाटकाच्या कपड्यांकडे वळलो. मुलगी पश्चिम आयर्लंडमधल्या गॉलवेला असल्यामुळं तिकडं राहणं झालं आणि मेयो काउंटीत कॅसलबारच्या बाहेर टर्लो पार्कला त्यांचं ग्रामीण जीवनाचं राष्ट्रीय म्युझियम आहे (२००१ ला उघडलं, तिकीट नाही) तिथं बराच वेळ घालवलाय. लोक फोटो काढून पुढं जातात, मी बाही कशी बसवलीय ते बघत उभा.

पहिली गोष्ट, तुम्ही पॅटर्नपासून सुरुवात करताय असं दिसतंय, म्हणजे कोटाला कॉलर कशी, बटणं किती वगैरे. ते उलटं करा. त्या खेड्यात सगळा खेळ कापडाचा होता, शिलाई त्यामानानं किरकोळ. कपडा कसा दिसायचा हे शिंप्यानं कमी आणि कापडानं जास्त ठरवलेलं असायचं.

आता हे कापड यायचं कुठून, तर घरातूनच. साधारण जूनमध्ये मेंढ्या कातरायच्या, लोकर धुवायची, मग हातातल्या दोन काटेरी फळ्यांवर पिंजायची आणि चरख्यावर कातायची, ही सगळी बायकांची कामं, अगदी लहान मुली पिंजायला आणि म्हाताऱ्या कातायला. माग मात्र घरोघरी नसायचा. पंचक्रोशीत एखाद-दुसरा विणकर असायचा, त्याच्याकडे सुताची गुंडी घेऊन जायचं आणि तो वाराच्या हिशोबानं विणून द्यायचा. विणून आलेलं कापड लगेच शिवायला घेत नसत, आधी ते ओलं करून तुडवायचं, कुठं त्यासाठी पाण्यावर चालणारी गिरणी असायची तर कुठं घरीच हातापायांनी. त्यात कापड चांगलंच आटतं, दाट होतं, धागे एकमेकांत अडकून बसतात, वारा आणि पावसाची भुरभुर दोन्ही अडतं. आपली घोंगडी डोळ्यासमोर आणा, पण तिच्यापेक्षा मऊ आणि जास्त घट्ट. लोकरीचं तेलकटपण काढायला आणि निळीचं पिंप तयार करायला साठवलेलं शिळं मूत्र वापरायचे. ऐकून नाक मुरडू नका, त्यातला अमोनिया कामाला यायचा आणि फुकट मिळायचा, जगभरच्या रंगाऱ्यांनी हे केलंय.

रंग मोजकेच होते. न रंगवलेली पांढरी-मळकट लोकर, तिच्या कापडाला बानीन म्हणतात, आणि त्याच कापडाच्या पुरुषी जाकिटालाही बानीनच. पांढऱ्या आणि काळ्या मेंढीची लोकर एकत्र पिंजली की राखाडी, त्याला रंगाची गरजच नाही. खडकावरचं दगडफूल खरवडून उकळलं की तांबूस तपकिरी. निळीचा निळा. आणि बायकांच्या घागऱ्याचा तो प्रसिद्ध लाल, तो मॅडरच्या मुळांचा, म्हणजे आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. नीळ आणि मॅडर दुकानातून विकत यायचं, बाकी सगळं आसपासचंच. नाटककार जे. एम. सिंज १८९८ ते १९०२ मध्ये दरवर्षी गॉलवेसमोरच्या समुद्रातल्या आरन बेटांवर जाऊन राहिला, सोबत कॅमेराही होता, आणि त्यानं जे रंग लिहून ठेवलेत ते हेच, न रंगवलेली लोकर, निळा, मॅडरचा लाल आणि राखाडी. तुमच्या रंगमंचावर हिरवा कुठंही दिसू देऊ नका. आयर्लंड म्हटलं की हिरवा हे पर्यटकांच्या दुकानातलं.

आता शिंप्याकडे येऊ. बायकांचे आणि मुलांचे कपडे, पुरुषांचे शर्ट, आतले कपडे, मोजे हे सगळं घरातल्या बाईनं करायचं. पुरुषांची पँट, वेस्ट (बिनबाह्यांचं जाकीट), जाकीट, जाड ओव्हरकोट हे शिंप्याचं काम. जुना शिंपी दुकान टाकून बसलेला नसायचा, तो घरोघरी फिरायचा. निरोप धाडायचा, मग तो कात्री, अंगुस्तान, मेणाचा गोळा आणि ती पाच-सहा किलोची इस्त्री घेऊन यायचा आणि घरातल्या सगळ्या पुरुषांचं शिवून होईपर्यंत तिथंच मुक्काम, जेवणखाण त्याच घरचं. बसायला स्वयंपाकघरातलं टेबल, नाहीतर सरळ दार बिजागरीवरून काढून आडवं टाकायचं आणि त्यावर मांडी घालून बसायचा. खिडकी छोटी, उजेड कमी, म्हणून उजेडाची जागा त्याची. इस्त्री पीटच्या, म्हणजे दलदलीतून खणून वाळवलेल्या जळणाच्या, विस्तवात तापायची. जुन्या शिंप्यांकडे टेपही नसायची, कागदाची लांब पट्टी घेऊन छातीला एक खाच, बाहीला एक खाच असं माप घ्यायचे, दर माणसाची वेगळी पट्टी. गंमत वाटेल पण पद्धत पक्की आहे, आकडा वाचायचाच नाही, पट्टी थेट कापडावर ठेवायची, वाचण्यात चूक व्हायचा प्रश्नच नाही.

हा माणूस म्हणजे गावाचं वर्तमानपत्रही होता, काल कुठल्या घरात होता तिथल्या बातम्या आज इथं, रात्री त्याच्याभोवती माणसं जमायची. मान मात्र फार नव्हता. नऊ शिंपी मिळून एक पुरुष होतो अशी म्हण आयर्लंड-ब्रिटनमध्ये आहे (ज्यानं काढली त्याला एकदा तुडवलेल्या लोकरीत काज करायला बसवला पाहिजे). पायानं अधू मुलाला शिंप्याकडे शिकायला घालायची पद्धत होती, शेतावर किंवा होडीवर तो जाऊ शकत नाही, बसून करायचं काम बरं, हेही त्या थट्टेमागं असणार. तुमच्या एकांकिकेत शिंप्याचं पात्र घ्यायची जागा असेल तर घ्या, एकाच माणसात बातम्या, थट्टा आणि घरातल्या सगळ्यांची मापं!

१९३७-३८ मध्ये आयरिश लोककथा आयोगानं प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी लिहून आणायला लावल्या होत्या, जवळजवळ ५० हजार मुलांनी लिहिलंय, आणि आज ते स्कॅन करून सगळ्यांना बघायला ठेवलंय. त्यात कपड्यांबद्दल आणि फिरत्या शिंप्यांबद्दल पानंच्या पानं आहेत. तुमच्या एकांकिकेच्या लेखकानं जमलं तर तिथं दोन संध्याकाळी घालवाव्यात.

आता कटिंग. हातमागाचं कापड अरुंद, साधारण २७-२८ इंच पन्हा. त्यात कापड महाग, म्हणजे पैशानं नाही पण वर्षभराच्या मेहनतीनं. म्हणून कट सरळ, कपडा ढगळ, तिरपं कापून वाया घालवणं नाही. बानीन जाकीट आखूड असतं, कमरेच्या थोडं खाली, कॉलर नाही, लॅपल नाही, समोर बटणं आणि खेळ खल्लास. आरनच्या फोटोंमध्ये नेहमी दिसतं ते म्हणजे पांढऱ्या बाह्या आणि त्यावर गडद, जाड, बिनबाह्यांची वेस्ट. पँट सैल, आखूड, घोट्याच्या बाजूला खाली थोडी उघडी ठेवलेली, म्हणजे होडी पाण्यात ढकलताना पटकन वर दुमडता येते. कमरेला क्रिस, लोकरीचा विणलेला रंगीत पट्टा, एक टोक पायाला बांधून बायका तो बोटांनी विणायच्या, अख्ख्या पुरुषी पोशाखात रंगाची चैन तेवढीच.

तुडवलेल्या कापडाची एक खुबी लक्षात घ्या, ते उसवत नाही. धागे इतके घट्ट असतात की कापलेली कड तशीच ठेवली तरी चालते. म्हणून आत ओव्हरलॉक नाही, पायपिंग नाही, पुष्कळदा अस्तरही नाही. शिवण पण हाताची, लिननचा दोरा मेणावरून ओढून घातलेली मागची टीप. इस्त्री ओल्या फडक्यावरून जोर लावून, नाहीतर शिवण फुगून बसते. एवढं जाड कापड दुमडून नाजूक फिनिशिंग करायला गेलात तर कडा दोरखंडासारख्या दिसतील. आपल्याकडचे चांगले टेलर इथंच फसतात, त्यांना आतून स्वच्छ केल्याशिवाय राहवत नाही.

कोट झिजला की तो उसवून कापडाची आतली बाजू बाहेर करून परत शिवायचे, बापाचा कोट कापून मुलाला, मुलाचा कापून ठिगळांना, आणि ठिगळांचंही काही उरलं तर गोधडीत.

गोधडीवरून आठवलं, पिठाच्या पिशव्या. हे तुमच्या काळाला अगदी चपखल आहे. गिरणीचं पीठ सुती पोत्यांतून यायचं आणि रिकामं पोतं फेकायचं म्हणजे पापच. आधी छापील अक्षरं घालवायची, भिजवा, सोडा घालून उकळा, घासा, गवतावर उन्हात पसरा, परत उकळा. मग त्याचे शर्ट, आतले कपडे, उशांचे अभ्रे, चार जोडून एक चादर, गोधडीला पाठीमागून लावायला. अक्षरं सगळी काही जात नसत, त्यामुळं पार्श्वभागावर गिरणीचं नाव घेऊन फिरणाऱ्या माणसांचे विनोद तिकडं आजही सांगतात. तुमच्याकडे एखादा प्रसंग हसरा असेल तर हे वापरा, खोटं काही नाही त्यात.

बायकांचा पोशाख म्हणजे लाल किंवा गडद निळा लोकरी घागरा, थंडीत एकावर एक दोन, वर साधं गडद ब्लाउज, पुढं एप्रन, कामाचा एप्रन जाड्याभरड्या कापडाचा, आणि अंगावर शाल. शाल घरची नाही हं, ती विकत घेतलेली आणि भारी, लग्नात मिळालेली जन्मभर चालायची. दक्षिणेला कॉर्क भागात मोठ्या टोपीचा काळा झगा होता, किन्सेल झगा म्हणतात, आईकडून मुलीकडे जायचा, पण तो तिकडचा, गॉलवे-आरनच्या कोळीणीला घालू नका. घागऱ्याचं कटिंग सोपं आहे, सरळ पट्टे उभे जोडायचे, वर चुण्या घालून पट्ट्यात बसवायचे, नाडीनं बांधायचं. तीन पन्हे जोडले की ८१ इंचांचा घेर, पुरतो. खाली एक-दोन आडव्या दुमडी घाला, वाढत्या मुलीसाठी त्या सोडून लांबी वाढवता यायची, आणि स्टेजवर त्यानं घेराला वजन येतं.

लहान मुलगे पण घागऱ्यातच असायचे, गॉलवेजवळच्या कॉनेमारा भागात आणि आरनला तर बरीच मोठी मुलं, दहा-बारा वर्षांची. कारण सांगतात की पऱ्या मुलग्यांना पळवतात, मुलगी समजून सोडून देतील. असेल. मला शिंपी म्हणून वाटतं की वाढत्या पोराला दरवर्षी पँट शिवण्याइतकं कापड कुणाकडं होतं, घागरा तीन वर्षं जातो आणि बहिणीलाही होतो. पण प्रेक्षकांना पऱ्यांचं कारण जास्त आवडेल, तेच ठेवा.

आता स्वेटर. पांढरा, वेण्या आणि हिऱ्यांच्या नक्षीचा आरन स्वेटर हा काही प्राचीन पोशाख नाही, तो विसाव्या शतकात तयार झाला. त्याआधीचे कोळी घालायचे ते साधे गडद निळे जर्सी. १८९१ मध्ये सरकारनं पश्चिमेच्या गरीब पट्ट्यासाठी कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड काढलं, त्यांनी विणकाम, लेस, मासेमारी सगळ्याला उत्तेजन दिलं, बाहेरचे लोक बेटांवर आले, बेटावरच्या बायका हुशार, त्यांनी बाहेरून आलेलं उचललं आणि पुढं नेलं. १९३० मध्ये म्युरिएल गाहन यांनी डब्लिनला कंट्री शॉप काढलं तेव्हा या विणकामाला शहरात गिऱ्हाईक मिळालं, आणि जगभर गेला तो त्याच्याही नंतर. प्रत्येक घराण्याची वेगळी नक्षी आणि बुडालेल्या माणसाची ओळख त्यावरून पटायची, ही गोष्ट तर विकण्यासाठी फुगवलेली. तिचं एक मूळ सिंजच्या १९०४ च्या नाटकात आहे, पण तिथं बहीण ओळखते ती मोज्यावरून, आपण घातलेले टाके आणि त्यातले गळलेले चार आठवून. घराणं, नक्षी असं काही त्यात नाही. म्हणजे विणलेलं दाखवायचंच असेल तर म्हातारीच्या हातात मोजा द्या, स्वेटर नको.

आणि हो, सगळं घरचंच होतं असंही दाखवू नका. १९२० म्हणजे सरमिसळीचा काळ. सिंगरचं मशीन हप्त्यानं मिळत होतं आणि ग्लासगोजवळ क्लाइडबँकला त्यांचा प्रचंड कारखाना होता. उत्तरेला डोनेगल-डेरी पट्ट्यात तर खेड्यातल्या बायका कारखान्यासाठी घरी बसून शर्ट शिवत होत्या, डेरीच्या टिली कंपनीचं उदाहरण खुद्द कार्ल मार्क्सनं दिलंय, कारखान्यात १००० माणसं आणि बाहेर घरोघर ९०००. म्हणजे घरचं शिवणकाम म्हटलं की चुलीपाशी आपल्यापुरतं शिवणारी माउली एवढंच डोळ्यासमोर आणू नका, तीच बाई मजुरीनंही शिवत होती. डोनेगलमध्येच अर्डराला हातमागाच्या ट्वीडचा (जाड्या लोकरी कापडाचा) बाजार भरायचा, त्या कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाचा माणूस कापड तपासून शिक्का मारायचा. मेयोत फॉक्सफर्डला तर एका ननने, ॲग्नेस मॉरो-बर्नार्ड, १८९२ मध्ये लोकरीची गिरणी उभी केली, ती आजही आहे. जत्रेत जुने कपडे विकणारे फेरीवाले यायचे. आणि अमेरिकेतून पार्सल! बोस्टन-न्यूयॉर्कला गेलेल्या बहिणी-आत्या कपडे पाठवायच्या, त्यामुळं एखाद्या तरुण पोरीच्या अंगावर मधेच भलताच शहरी फ्रॉक दिसू शकतो. पात्राबद्दल एक वाक्य न बोलता खूप सांगता येतं यातून. घरचा कोणीतरी तिकडे आहे आणि ही पण जाणार. म्हाताऱ्यांना बानीन, तरुणांना गडद रंगाचा तयार सूट आणि चपटी टोपी, असं विभागलंत तर काळ बरोबर दिसेल.

करायचं कसं ते सांगतो. कापड नवीन ट्वीड आणू नका, परवडणार नाही आणि फार गुळगुळीत असतं. जुन्या बाजारात लोकरी ब्लँकेट बघा, पांढरट आणि राखाडी. लोकर आहे की ॲक्रिलिक ते बघायला एक धागा जाळा, लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते, ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते. लोकर असेल तर गरम पाण्यात साबण घालून मशीनमध्ये फिरवा, आटेल, तेच हवंय, आटल्यावरच कापायचं. ॲक्रिलिकला कितीही उकळा, काही होणार नाही. पांढरं तसंच स्टेजवर नेऊ नका, लाइटखाली डोळ्यात घुसतं, चहाच्या पाण्यातून काढा. लाल घागऱ्याला मंजिष्ठ मिळाली तर उत्तम, तुरटी लावून घ्या, नाहीतर बाजारातला ॲसिड डाय (लोकरीचा तयार रंग) घेऊन त्यात चिमूटभर तपकिरी घाला, तयार लाल रंग फार भडक येतो.

गरमीचं काय हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तालमीत पहिला तोच येईल. वेस्टची पाठ सुती करा, कुणाला दिसत नाही. बानीन पूर्ण शिवायचंच नाही, सुती बनियनला फक्त लोकरीच्या बाह्या आणि समोर गळ्याचा तुकडा जोडा, वर वेस्ट आली की अख्खं जाकीट वाटतं. मात्र ज्या पात्राला वेस्ट काढायचीय त्याला पूर्ण शिवा. दोन घागऱ्यांऐवजी एकच, आतून खाली सहा इंच वेगळ्या रंगाची पट्टी, म्हणजे दोन वाटतात.

पायात बेटावर पॅम्पूटी घालायचे, कच्च्या चामड्याच्या, केस बाहेरच्या बाजूला, दोरीनं आवळलेल्या, आणि वाळून कडक होऊ नये म्हणून सतत ओल्या ठेवायला लागायच्या. स्टेजवर त्या घसरतात, मी देणार नाही. बायका आणि मुलं अनवाणी ठेवा, पूर्ण बरोबर आहे, चर्चला जातानाही बूट हातात घेऊन जायचे आणि जवळ पोचल्यावर घालायचे. पुरुषांना जुने काळे बूट, पॉलिश न करता.

आणि घागरे तालमीच्या सुरुवातीलाच मुलींना द्या, निदान डमी म्हणून चादरीचे तरी. ८१ इंचांचा जाड घेर घेऊन बसायचं, उठायचं, बादली उचलायची याची सवय शेवटच्या दोन दिवसांत होत नाही, आणि लांबी किती आखूड करायची हेही त्यांना चालताना बघूनच ठरवता येईल, घोट्याच्या वर चार बोटं धरून सुरू करा.